बाभळीच्या तीन गुट्ट्या

मंगळवार, सकाळी साडेदहा. ठिकाण: बंद पडलेल्या चुनखडीच्या खाणीतले पत्र्याचे शेड. हजर: मी, आमचे जमादार, फोटो काढायला एक शिपाई, दोन पंच, तक्रारदार वॉचमन आणि नागपूरहून आलेल्या एक मॅडम. पंचनाम्याच्या कच्च्या कागदावर वरच्या चार ओळी मी अशाच लिहिल्या होत्या. तो कागद अजून माझ्या फाईलमध्ये आहे आणि तो दिसला की सगळे प्रकरण आठवते. पुढे सांगतो आहे त्यात नावे नाहीत. त्या माणसांना नावाची हौस नव्हती, मलाही नाही.

मी तेव्हा यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व टोकाला एका ठाण्याचा ठाणेदार होतो. आधी आर्णी, कळंबकडे नोकरी झालेली. तिकडे गुन्हे कापूस, तूर आणि दुचाकीभोवती फिरतात. या टोकाला दगड आणि कोळसा निघतो, त्यामुळे लोखंडाची चोरी जास्त. भंगाराचे दुकानदार आम्हाला तोंडपाठ होते.

शेडमध्ये एक इंजिन उभे होते. बैलगाडीपेक्षा थोडे मोठे, छोट्या रुळावर चालणारे, दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन. खाणीतून भट्टीपर्यंत दगडाचे डबे ओढायला ते स्वातंत्र्याच्या आधी परदेशातून आणले होते. देशात वाफेची इंजिने धावत होती त्या काळातले हे डिझेल. मॅडम रेल्वेतून निवृत्त झालेल्या अभियंता. त्यांचा ट्रस्ट अशी जुनी इंजिने शोधून जतन करतो. त्या म्हणाल्या, या बनावटीचे इंजिन त्यांनी आजवर फक्त फोटोत पाहिले होते.

खाणीची कंपनी बुडाली होती आणि मालमत्ता विकायचे काम सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे होते. त्यांची अट सरळ होती. इंजिन पूर्ण असेल तर ट्रस्टला द्यायचे. अपूर्ण असेल तर बाकीच्या लोखंडाबरोबर भंगारवाल्याला. पाहणी पुढच्या सोमवारी. भंगारवाल्याचे गॅस कटर आणि सिलिंडर शेडच्या बाहेर येऊन पडलेही होते.

आणि इंजिन अपूर्ण होते. फ्युएल पंप नाही, दोन्ही नोझल नाहीत, चालू करायचे हँडल नाही.

मी वॉचमनला विचारले, "चोरी कधी झाली?"

"मले काय मालूम साहेब. मी ड्युटीवर लागलो तवापासून असंच हाये."

"मग तक्रार आज कायले देऊन राह्यला?"

"हपिसातून फोन आला. त्याईच्या यादीत इंजिन पूर्ण लिवलं हाये म्हणे. म्हून तक्रार कर म्हणे."

ती यादी खाण बंद झाली तेव्हा टेबलावर बसून केलेली होती. शेडपर्यंत कोणी आलेच नव्हते. पण फिर्याद आली की गुन्हा नोंदवावाच लागतो. तेव्हा जुनी दंड संहिता लागू होती. कलम ३७९, चोरी, अज्ञात आरोपी. मॅडम इंजिनाला हात लावत फिरत होत्या. पंपाची आणि नोझलची भोके लाकडाने बुजवलेली दिसतात, हे एक बरे झाले, असे त्या म्हणाल्या. मी मान हलवली. लिहिले नाही.

"पंप दुसरा मिळणार नाही का?" मी विचारले.

"बनवणारी कंपनीच राहिली नाही, साहेब. हा पंप सापडला तर हे इंजिन, नाही तर लोखंड."

मंगळवार आणि बुधवार आम्ही भंगाराची दुकाने पालथी घातली. रजिस्टर पाहिली, चार जणांना ठाण्यात बसवून विचारले. त्यातला एक दुकानदार जमादारांना म्हणाला, "जमादार, पितळ गेलं असतं तर मीच सांगतलं असतं. पण बिडाच्या लोखंडाचा पंप कोन चोरते? त्याच्यात चार दिवसाचा चहा बी निघत नाही." तो चोर होता, पण बोलला ते बरोबर होते. आमचे दोन दिवस वाया गेले.

गुरुवारी दुपारी खबर आली. बस स्टँडजवळच्या गॅरेजवाल्याने जमादारांना चहा पाजता पाजता सांगितले, की खाणीतला जुना फिटर दर दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याच्याकडून ग्रीस आणि रॉकेल नेतो. "त्याच्यापाशी साधी लुना बी नाही. मंग ग्रीस कायले लागते बुढ्याले? तुमीच सांगा."

त्याच संध्याकाळी मी शिपायाने काढलेले फोटो पुन्हा पाहिले. भोकांत बसवलेल्या गुट्ट्या, म्हणजे लाकडी बुचे, बाभळीच्या होत्या, तासून गोल केलेल्या, वरून मेणाने बंद केलेल्या. पंपाचे चारही बोल्ट आपापल्या जागी परत फिरवून ठेवलेले. चोर वस्तू नेतो तेव्हा मागे राहिलेल्या भोकात पाणी जाईल याची काळजी करत नाही. हे मला मंगळवारीच कळायला हवे होते.

शुक्रवारी सकाळी फिटरला ठाण्यात बोलावले. सत्तरीच्या पुढचे, सडपातळ, पांढरा धुतलेला शर्ट, खिशात पेन. त्यांचे वडील छप्पन साली नागपूरला धम्मदीक्षा घेऊन आलेले, आणि मुलाने यंत्र शिकावे म्हणून त्यांनी त्याला खाणीत लावले, हे जमादारांनी आधीच सांगून ठेवले होते. मी त्यांना खुर्ची दिली. चहा आला. त्यांनी कप बशीत नेमका मध्यभागी ठेवला.

खाणीत किती वर्षे होतात, कोणाच्या हाताखाली शिकलात, सगळे सांगितले. पंपाचे विचारले की गप्प. नाही म्हणत नव्हते, हो म्हणत नव्हते. जमादारांनी आवाज चढवून पाहिला. उपयोग शून्य. माझा अनुभव असा, की खोटे बोलणारा माणूस दाराकडे पाहतो. हे माझ्या हातातल्या कागदाकडे पाहत होते.

तेव्हा मी मुद्दाम त्या कागदावरून मोठ्याने वाचल्यासारखे केले. "अज्ञात इसमाने घणाचे घाव घालून बोल्ट तोडले व पंप ओरबाडून नेला."

कप बशीवर वाजला.

"तोडला नाही जी. खोलला."

जमादार माझ्याकडे पाहू लागले. मी कागद खाली ठेवला.

"घण कायले मारीन मी त्याले? अठराचा पाना घेऊन खोलला. नटा जाग्यावर लावल्या. तोंडाले गुट्ट्या ठोकल्या, वरून मेण लावलं. अन हे लिवते ओरबाडून."

एवढ्या एका वाक्याने गुन्हा उघडकीला आला. पुढचे त्यांनी न विचारता सांगितले.

पावसाळ्यात खाणीत पाणी भरायचे आणि काम चार महिने बंद राहायचे. इंजिन शेडमध्ये उभे करताना फिटरने पंप आणि नोझल खोलून घरी न्यायची, ड्रायव्हरने हँडल न्यायचे, हा तिथला जुना रिवाज होता. सुटे सामान दोघांच्या घरी असले की कोणी एकटा इंजिनाला हात लावू शकत नव्हता. दसऱ्याला दोघांनी सामान आणायचे, बसवायचे आणि इंजिन चालू करायचे. त्यांच्या उस्तादांनी घालून दिलेली ही पद्धत होती आणि ती कुठल्याही रजिस्टरमध्ये नव्हती. एका पावसाळ्यात खाण बंद झाली, ती कायमची. काम सुरू करा असा हुकूम कधी आला नाही.

"म्हणून अकरा वर्षं पंप घरात ठेवला?"

"हुकूम नाही त कसा आणीन जी? दर साली रॉकेलात धुतो, ग्रीस लावतो, परत बांधून ठेवतो."

"आणि आता विचारलं तेव्हा सांगितलं का नाही?"

"इंजिन कापाले घेऊन जाऊन राह्यले असं आयकलं. म्हटलं, पंप नसन त कोन नेईन? अधुऱ्या इंजिनाले कोनी हात लावत नाही."

ही चूक दुसऱ्या कोणी केली नसती. त्यांच्या हिशेबी पंपाशिवायचे इंजिन जागचे हलत नाही, म्हणून ते सुरक्षित. मी सांगितले, "बाबा, उलटं आहे. पूर्ण असलं तर ते जतन करून ठेवणार आहेत. अधुरं असलं तर सोमवारी कटर लावणार."

त्यांनी कप बशीसकट बाजूला सरकवला. मग उठले आणि म्हणाले, "चाला."

पंप आणि नोझल त्यांच्या घरी कपाटाच्या खालच्या खणात होती. जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळलेली, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर दर वर्षीची सही. पंचांसमक्ष जप्ती केली. हँडलसाठी तांड्यावर जावे लागले. बंजारा समाजातला तो ड्रायव्हर चार वर्षांपूर्वी वारला होता. त्याची बायको अंगणात तूर पाखडत बसली होती.

जमादार तिला तिच्या बोलीत आई म्हणून हाक मारत म्हणाले, "याडी, हँडल हाये का घरात? पोलिसात द्या लागते."

तिने सुपावरून मान वर केली नाही. "पोलिसाले कायले देऊ? माह्या मालकानं सांगतलं होतं, फिटरच्याच हाती देजो."

मग जीपमधून फिटर उतरले. तिने त्यांच्याकडे पाहिले, आत गेली, आढ्याला टांगलेले पोते सोडून आणले आणि त्यांच्या हातात दिले.

"लय लांबला जी तुमचा पावसाळा," ती म्हणाली.

फिटरने खाली पाहून हँडलवरचा गंज अंगठ्याने तपासला. गंज नव्हता.

आता अडचण माझी होती. जप्त केलेला माल मुद्देमाल खोलीत जातो आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय बाहेर येत नाही. तो तिथे राहिला असता तर सोमवारी इंजिन अपूर्णच ठरले असते, आणि ते मी केलेले असते. शनिवारी सकाळी पहिल्या तासाला न्यायालयात अर्ज दिला, सर्व हकीकत मांडली. दुपारी आदेश मिळाला. सुपूर्तनाम्यावर, म्हणजे ताबा घेतल्याच्या लेखी हमीवर, सामान कंपनीच्या मालमत्तेत परत. रविवारी फिटरने स्वतःच्या हाताने सगळे बसवले. तिन्ही गुट्ट्या काढून त्यांनी माझ्या हातात ठेवल्या. "सांभाळा जी. काम झालं की वापस द्या, पुढच्या पावसाळ्याले लागतीन."

मग ते हँडल लावून उभे राहिले. मॅडम आडव्या आल्या. इतकी वर्षे बंद असलेले इंजिन आतून न तपासता फिरवले तर तुटेल, असे त्यांचे म्हणणे.

"बरोबर बोलून राह्यल्या," फिटर म्हणाले आणि हँडल काढून घेतले. "खोलून पाहा. मंग चालवा. पण चालवा जी."

मॅडमनी शब्द दिला. साक्षीदार म्हणून मीही मान हलवली, आणि या वेळी वहीत लिहिलेसुद्धा.

सोमवारी पाहणीत इंजिन पूर्ण ठरले. कटर परत गेले. गैरसमजातून गुन्हा दाखल झाला असे नमूद करून मी 'क' समरी, म्हणजे प्रकरण बंद करायचा अहवाल, न्यायालयात पाठवली, ती मंजूर झाली. फिटर आणि त्या बाईवर कसलाही ठपका राहिला नाही.

या प्रकरणानंतर मी घटनास्थळाची यादी दोन रकान्यांत करू लागलो. एकात काय गेले, दुसऱ्यात काय ठेवले. पहिला रकाना कोणीही भरतो. दुसरा भरायला मला पंचवीस वर्षे नोकरी करावी लागली. माझ्या हाताखालच्या पोरांना मी हे शिकवले. काही शिकले.

इंजिन नागपूरला एका शेडखाली आहे. रंग दिला आहे, समोर पाटी आहे, शाळेच्या सहली येतात. सिलिंडर अजून खोलून झालेले नाहीत. आधी कारागीर नव्हता, मग परवानगी अडली, आता मॅडमची तब्येत बरी नसते. मी पत्रे लिहितो, त्यांच्या प्रती ठेवतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फिटरचा फोन येतो. ऐंशीच्या घरात आहेत, ऐकू कमी येते, त्यामुळे मोठ्याने बोलतात.

"साहेब, पावसाळा सरला काय जी?"

"नाही बाबा. अजून नाही."

"बरं," असे म्हणून ते फोन ठेवतात.

तिन्ही गुट्ट्या माझ्या टेबलाच्या खणात आहेत, चिठ्ठी लावून. दर महिन्याच्या एक तारखेला मी कामांची यादी नवी करतो आणि झालेली कामे गाळतो. पहिली ओळ काही वर्षे तीच आहे: इंजिन चालू करणे, गुट्ट्या परत देणे.