घोडी बसेपर्यंत

आवाजाचा आत्मा घोडीत असतो.

हे वाक्य आमचे शेजारी डोळे मिटून, उजव्या हाताची दोन बोटं हवेत तोलत म्हणायचे, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की आपण आजवर आत्म्याचा शोध भलत्याच ठिकाणी घेत होतो. घोडी म्हणजे गिटारच्या पोटावर चिकटवलेली लाकडाची आडवी पट्टी आणि तिच्या खाचेत उभी बसवलेली बारीक कड. सगळ्या तारा त्या कडेवर टेकतात. सरांच्या भिंतीला भिंत लावून मी इतकी वर्षं राहिलो की घोडीबद्दल तुम्ही मला काहीही विचारा. गिटारच्या आवाजाबद्दल मात्र विचारू नका, तो फारसा ऐकायला मिळाला नाही.

सर लातूरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे, मी तिथेच मराठी. मूळचे चाकूरचे. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, कंधारच्या. लग्नाआधी वहिनी नांदेडला गाण्याच्या स्पर्धांत बक्षिसं घ्यायच्या. लग्नानंतर पेटी माहेरी राहिली आणि गाणं स्वयंपाकघरात गेलं. हे सरांच्या लक्षात यायला बराच काळ लागला, पण आलं. त्यांनी गिटार विकत आणली आणि कॉलनीत पेढे वाटले. "हिनं गायचं, मी साथ करायची. आता पेटीवाला शोधायची गरज न्हाई." पेढे चांगले होते.

पहिल्याच आठवड्यात अडचण आली. तारा दांडीवरच्या धातूच्या पडद्यांपासून फार उंच होत्या. त्या दाबताना सरांच्या बोटांना फोड आले. दुसरा कोणी असता तर बोटं कडक होईपर्यंत थांबला असता. सरांनी कड बाहेर काढली आणि कानशीनं घासली. जास्त घासली. आता तारा इतक्या खाली आल्या की प्रत्येक पडद्यावर आपटून खरखरू लागल्या. मग कडेखाली कागदाच्या पट्ट्या घालून उंची वाढवणं सुरू झालं. आमच्याकडच्या लग्नपत्रिका ते मागून न्यायचे. "जाड कागद फक्त लग्नातच वापरतात लोक," ते म्हणायचे.

उंची जमली तेव्हा वरच्या पडद्यांवर सूर चढतो असं त्यांच्या ध्यानात आलं. त्यासाठी कड थोडी तिरकी असावी लागते, जाड तारेला किंचित जास्त लांबी मिळावी म्हणून. हे त्यांनी मला आमच्या फाटकात उभं राहून, माझी भाजीची पिशवी माझ्याच हातात असताना समजावलं. "तार आवाज करत न्हाई. तार नुसती हलते. घोडी ते खालच्या लाकडाला सांगते, लाकूड हवेला सांगतं. निरोप्याच चुकीचा असेल तर निरोप पोचेल का?"

"पण सर, एखादं गाणं?"

"आधी घोडी बसू द्या."

आतून वहिनींचा आवाज आला. "त्यांना भाजी तरी नेऊ द्या घरी! घोडी बसंपर्यंत कोथिंबीर टिकायची न्हाई!"

त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून असायचं, हीच खरी पंचाईत होती. मूर्ख माणसाचा राग करणं सोपं असतं. सरांचं प्रत्येक वाक्य बरोबर होतं, आणि सगळी बरोबर वाक्यं मिळून गाणं होत नव्हतं.

एका सुट्टीत ते मिरजेला जाऊन तंबोरे बनवणाऱ्यांचं काम बघून आले. तिथून पुढे गोष्टी हाताबाहेर गेल्या. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि जराशी उतरती असते. तार तिला निसटती घासत राहते आणि त्यातून तो भरलेला, गुंजणारा नाद निघतो. त्याला जवारी म्हणतात. "तंबोऱ्याला जवारी आणि गिटारीला का नको? हा अन्याय आहे," असं सरांनी जाहीर केलं. त्या दोन वाद्यांचं काम वेगळं आहे ही शंका मी काढून पाहिली. त्यावर मला मराठीच्या प्राध्यापकांनी मराठी शिकवावं असं सुचवण्यात आलं.

रुंद घोडीला हाड लागतं. ज्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं त्या घरात सरांनी म्हशीचं हाड आणलं, आणि त्यातली चरबी जावी म्हणून ते उकळायला ठेवलं. वहिनींच्या कुकरमध्ये. नेमका नळाला पाणी यायचा दिवस होता, म्हणून सगळी कॉलनी बाहेर होती आणि सगळ्या कॉलनीनं ऐकलं.

"माझ्या कुकरात हाडूक! अवो, काय करून राहिलात तुम्ही?"

"तुझ्याच गाण्यासाठी करून राहिलो ना!"

"मग आता वरणबी त्या गिटारीतच शिजवा!"

कुकर भंगारात गेला. हाड वाळत राहिलं.

त्यानंतर काही महिन्यांनी वहिनींच्या गळ्यात गाठ निघाली. थायरॉइडची. डॉक्टरांनी धोका नाही म्हणून सांगितलं. आवाजाची नस तिथूनच जाते, आवाजात फरक पडू शकतो, हेही सांगितलं. ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा वहिनींनी माझ्या बायकोसमोरच सरांना सांगितलं, "दवाखान्यात जायच्या आधी एकदा गाते. तुमच्या साथीनं. मग गेला आवाज तर गेला."

सरांनी होकार दिला. आणि त्याच दुपारी साधी, चालती घोडी काढून हाडाची रुंद घोडी बसवायला घेतली.

मला राहवलं नाही. मी त्यांच्या घरात शिरलो. "सर, आहे तशी वाजवा. चार सूर लागले तरी पुरेत."

त्यांनी कानस थांबवली. "आहे तशी? तिच्या गाण्याला?" असं विचारताना त्यांचा चेहरा असा झाला की मी परत आलो. राग तसाच राहिला, तो ठेवायला जागा मात्र उरली नाही.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी आणि बायको त्यांच्याकडे बसलो. वहिनी नवी साडी नेसल्या होत्या. सरांनी गिटार मांडीवर घेतली आणि सगळ्या तारांवरून हात फिरवला. सहा तंबोरे एकाच दारातून आत घुसायला भांडावेत तसा आवाज झाला. वहिनींनी डोळे मिटले, गुणगुणून पाहिलं, पुन्हा डोळे उघडले.

"ह्यातला सा कुठला हो?"

सरांना सांगता येईना. "दहा मिनिटं दे," म्हणत त्यांनी खुंट्या फिरवून तारा सैल केल्या. हाड उपसून काढलं आणि खिशात कानस शोधू लागले.

वहिनींनी त्यांच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि गायला सुरुवात केली. साथीशिवाय. पहिल्या ओळीला आवाज दबलेला होता, मग मोकळा झाला. वर जाताना त्या घाबरल्या नाहीत. सर तसेच बसून होते, तारा लोंबणारी गिटार मांडीवर. अंतरा सुरू झाला तेव्हा त्यांचा तळवा गिटारच्या पोटावर पडू लागला, आधी चुकत, मग बरोबर. त्या वाद्याची साथ मी ऐकली ती एवढीच, आणि ती ठेक्याची होती.

गाणं संपलं. सरांनी डोळे पुसले, गिटारवर टिचकी मारली आणि म्हणाले, "लाकूड चांगलंय बघा. म्हणजे दोष घोडीचाच."

ऑपरेशन नीट झालं. आवाज परत आला, पण उतरलेला. पेटीच्या काळी चार पट्टीत गाणाऱ्या वहिनींना आता काळी एकच्या वर जाता येईना. भेटायला येणारे त्या विषयावर बोलायचं टाळत. सर मात्र माझ्याकडे जवळजवळ धावत आले. "पट्टी उतरली म्हणजे तारांचा ताण कमी. ताण कमी म्हणजे तारा जास्त हलणार. घोडी नव्यानं करावी लागेल!"

"ह्यांना आवाज गेल्याचं काई न्हाई," वहिनी माझ्या बायकोला सांगत होत्या. "काम निघालं म्हणून लई खूश हायत." पण मापं घेण्यासाठी सर त्यांना रोज सा लावायला सांगायचे, आणि त्या लावायच्या. आधी नुसता सा. मग पुढचेही सूर. भिंतीपलीकडून कधी कानस, कधी सा, असं ते कितीतरी दिवस चाललं. मला ऐकू येणाऱ्या दोन आवाजांपैकी एक बंद व्हावा असं फार वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात तो बंद झाला. सर झोपेतच गेले. कॉलेजातल्या शोकसभेत प्राचार्यांनी त्यांना सुरांचे थोर साधक म्हटलं. तिथं त्यांना गिटार वाजवताना ऐकलेलं कोणीच नव्हतं, त्यामुळे वाद झाला नाही.

वहिनी हल्ली संध्याकाळी गातात. काळी एकमध्ये, पूर्ण गाणी, एकामागून एक. भिंतीतून स्वच्छ ऐकू येतं. साथीला सासरहून आलेल्या त्यांच्या मुलीनं मोबाईलवर तंबोरा घालून दिला आहे. त्याला घोडी नसते.