वाटीतल्या पाण्यावरचं तेल

मॅनेजरसाहेबांनी संदीपची कॉलर आपल्या हाताने खाली ओढली आणि मला विचारलं, "आबा, हे काय आहे?"

संदीप आमच्या रिसॉर्टच्या फ्रंट ऑफिसला असतो. गाडीतून उतरलेल्या पाहुण्याला पहिला नमस्कार त्याचा. त्याच्या दोन्ही गालांवर आणि हनुवटीखाली लालभडक चट्टे उठले होते. मागं आणखी दोघं तशीच तोंडं घेऊन उभे. एक दारावरचा, एक सामान उचलणारा.

"उष्णता आसंल," मी म्हणालो.

"तिघांना एकदम?"

"मग त्या तेलाला इचारा. माझ्या वस्तऱ्याला काय इचारता?"

हे मी लय जोरात बोललो. पुढची सगळी भानगड या वाक्यानं केली.

माझं सलून कार्ल्यात, हायवेला लागून. शाळा चौथीपर्यंत, ती पण धरूनबांधून. पण वस्तरा हातात घेतला त्याला आता पन्नास वर्षं होतील, आणि माझ्या हातून कुणाला ओरखडा उठला असं सांगणारा माणूस अजून भेटायचाय. आता दुकान पोरगा बघतो. मी रोज सकाळी सहा ते नऊ लोणावळ्याच्या या रिसॉर्टमध्ये स्टाफच्या दाढ्या करतो. तिथं पाहुण्यांसमोर जाणाऱ्या माणसाला रोज क्लीन शेव्ह लागतो. खुंट दिसला तर सुपरवायझर परत पाठवतो.

रोज घोटून दाढी केली की काही जणांच्या मानेवर फोड येतात. कापलेला केस वर यायच्या ऐवजी वळून परत कातडीत शिरतो आणि तिथं पिकतो. कुरळ्या केसांच्या माणसाला हा त्रास जास्त. मी जन्मभर त्यावर तुरटी फिरवली. पण तुरटीनं चुरचुरतं आणि कातडी पांढरी पडते अशी तक्रार गेली. मग साहेब म्हणाले, आपल्या स्पामध्ये टी ट्रीचं तेल आहे, ते लावा.

हे परदेशी झाडाच्या पाल्याचं तेल. पाला वाफेवर चढवायचा, वाफ गार करायची, की वर तेल सुटतं. याला इसेन्शियल ऑइल म्हणतात. गवती चहाचं असतं, निलगिरीचं असतं, तसंच हे. ढीगभर पाल्यातून बाटलीभर निघतं, म्हणून ते फार कडक. फोडांना चांगलं, पण थेंबाच्या हिशोबानं वापरायचं.

स्पामध्ये मसाज करणारी सुनीता. देहूरोडहून लोकलनं येते. नवऱ्याची कंपनी बंद झाली तेव्हापासून घर तिच्या पगारावर. तिनं बाटली माझ्या हातात दिली आणि सांगायला लागली, "आबा, हे असंच लावायचं नाही. आधी खोबरेल तेलात..."

मी तिला मध्येच तोडलं. "पोरी, तू जन्मायच्या आधीपास्नं लोकांची तोंडं बघतोय मी. किती थेंब, तेवढं बोल."

"वाटीला दहा," ती म्हणाली आणि कामाला निघून गेली.

चार दिवस मी ते तेल वापरलं. पाचव्या दिवशी ही तीन तोंडं माझ्यासमोर उभी. शनिवारी एका मोठ्या कंपनीची कॉन्फरन्स यायची होती, आणि आज होता गुरुवार.

साहेबांनी सुनीताला बोलावलं. तिनं बाटली हुंगली, थेंब बोटावर घेऊन बघितला.

"सर, तेल चांगलं आहे. हेच मी पाहुण्यांना लावते."

"मग यांना काय झालं?"

ती माझ्याकडं बघायला लागली. मी वस्तऱ्याची घडी करत होतो.

"आबा म्हणतात तेल खराब आहे. कोणाचं खरं धरू?" साहेब म्हणाले. "उद्या हे पाहुण्याच्या तोंडाला झालं तर माझी नोकरी जाईल. सुनीता, सोमवारपासून तू येऊ नकोस. आबा, तुम्ही तुरटीच लावा."

ती रडली बिडली नाही. बाटली ओट्यावर ठेवली आणि मला म्हणाली, "आबा, किचनमधल्या लोकांना काहीच कसं झालं नाही?"

तिघांना साहेबांनी तळेगावला कातडीच्या डॉक्टरांकडं पाठवलं. मी घरी आलो. जिंकलो होतो, पण तिचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. किचनमधले पाच-सहा जण रोज माझ्याकडंच बसतात. वस्तरा तोच, नवं ब्लेड प्रत्येकाला, वाटी तीच, बाटली तीच. उलट तिथला वाढपी मला रोज सांगायचा, "आबा, तेल लय भारी. गारेगार वाटतंय."

शुक्रवारी सकाळी मी रिसॉर्टवर तासभर आधीच पोचलो. मला तेल खराब आहे हे सिद्ध करायचं होतं. दुसरं काही मनात नव्हतं, खोटं कशाला बोलू. दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत भादरले. रोज सकाळी एकदाच भरतो तसं वाटीत पाणी घेतलं, दहा थेंब टाकले. कापूस बुडवून डाव्या हाताला लावला, हा संदीपचा. मग बाकीच्या दोघांचे समजून आणखी दोन बोळे बुडवून टाकून दिले. चौथा बोळा किचनवाल्याचा, तो उजव्या हाताला लावला.

डाव्या हाताची लगेच आग व्हायला लागली. उजवा हात थंड.

मी वाटी उचलून खिडकीत नेली. पाण्यावर एका कडेला रंगीत तवंग उरला होता. फाट्यावर ट्रक उभा राहून गेला की डबक्यावर डिझेलचा दिसतो, तसा.

वाटी हलवून बघितली, तवंग काही मिसळेना. मी जन्मभर डेटॉल वापरलं. डेटॉल पाण्यात टाकलं की पांढरं होऊन मिसळतं. हे तेलही मी त्याच सवयीनं पाण्यात टाकत होतो. तेल पाण्यात मिसळत नाही हे चार वर्षांच्या पोराला ठाऊक असतं. पहिला कापूस बुडाला की वरचं सगळं कडक तेल तोच उचलणार. सहाला पहिले बसणार संदीप आणि ते दोघं, कारण त्यांची ड्यूटी आधी. किचनवाले आठला. त्यांना मी चार दिवस नुसतं नळाचं पाणी लावत होतो, आणि ते त्याची तारीफ करत होते.

दुपारपर्यंत डावा हात संदीपच्या गालासारखा झाला. मी बाही वर करून साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"साहेब, तेल चांगलंय. माझी अक्कल खराब होती."

सगळं सांगितलं. त्यांनी माझा हात उजेडात धरून बघितला.

"सुनीतानं सांगितलं नव्हतं तुम्हाला?"

"सांगत व्हती. म्या ऐकलं न्हाई."

"हे लिहून द्याल? तिला काढल्याचा मेल मी वर टाकलाय, आता मागं घ्यायला काहीतरी पाहिजे."

"देतो की."

कागदावर दोन ओळी लिहिल्या. 'तेल बरं आहे. चूक माझी आहे.' एवढं लिहायला घाम फुटला. खाली सही केली. साहेबांनी कागद वाचला आणि म्हणाले, "मला वाटलं होतं तुम्ही वस्तरा सोडाल, पण चूक कबूल करणार नाही."

"मला बी तसंच वाटलं व्हतं," मी म्हणालो.

सुनीता सोमवारी आली. शनिवारी कॉन्फरन्सला दारात किचनमधले दोघं कोट घालून उभे राहिले, ते निभावलं. डॉक्टरांनी संदीपला तेल, साबण, वस्तरा सगळं बंद करून साधं मलम दिलं होतं. आठवडाभरात कातडी साफ झाली. तो खुर्चीत येऊन बसला तेव्हा मला पहिल्यांदा मोकळा श्वास आला.

"आबा, आज काय लावणार?" त्यानं विचारलं.

"आज पाणी. तुला न्हाई झेपायचं दुसरं."

मागं सुनीता उभी होती. ती हसली. मग तिनं मला खोबरेल तेलात थेंब कसे मोजून घालायचे, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. मध्ये ती दोनदा थांबली, मी तोडतो का ते बघायला.

आता नवं गिऱ्हाईक असलं की आधी कोपराच्या आत एक बोट तेल लावतो आणि उद्या या म्हणतो. लोक कुरकुरतात, कुरकुरू देत. या पन्नास वर्षांत माझ्या हातून कुणाला ओरखडा उठला नाही, हे मी अजून सांगतो. त्यापुढं आता एक सांगावं लागतं, की तिघं भाजले होते.