किती झुकवायचा पाय

नागपुरात धंतोलीतल्या माझ्या दवाखान्याची पाटी उतरवून बरीच वर्षं झाली. बायको गेली, मुलगा परदेशात असतो. दुपारी फोन वाजतो तो बहुतेक वेळा चुकीचा नंबर असतो. तरी समोरच्याला मी थोडा वेळ बोलण्यात गुंतवून ठेवतो. ज्याच्याबद्दल हे लिहितो आहे तोही आता नाही. त्याची बायको आहे, आणि तिच्या मनात मी एक खोटी गोष्ट घालून ठेवली आहे.

तो उमरेडचा विणकर. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस माझ्याकडे आला तेव्हा पस्तिशीचा असेल. पाय पहिल्यापासून बाहेर बाकदार, त्यात उजव्या गुडघ्यातली आतल्या बाजूची गादी फाटलेली. अशा पायात भार आतल्याच बाजूवर पडत राहतो, म्हणून नुसती गादी काढून भागणार नव्हतं. गुडघ्याखालच्या हाडातून पाचरीसारखा तुकडा काढून फट मिटवायची, म्हणजे पाय सरळ होतो आणि भार बाहेरच्या चांगल्या बाजूकडे सरकतो. पण किती सरकवायचा? पाय नुसता सरळ करायचा, की त्याच्याही पुढे दुसऱ्या बाजूला झुकवायचा? पुस्तकं म्हणत, झुकवा, नाहीतर दुखणं परत येतं. ती पुस्तकं गुडघे झिजलेल्या म्हाताऱ्यांवरून लिहिलेली होती. याचा गुडघा झिजलेला नव्हता, हे मला दिसत होतं. तरी आपलं केलेलं ऑपरेशन पुन्हा दारात यायला नको, म्हणून मी झुकवायचं ठरवलं.

आदल्या संध्याकाळी त्याला म्हणालो, "कोसभर चाललास तरी दुखणार नाही असा पाय देतो."

तो हसला. "मले कुठं चालाले जा लागते, डॉक्टरसाहेब? मी तं दिवसभर खड्ड्यात बसून राहतो. मागावर चालन असा द्या."

त्याचा माग खड्ड्याचा होता. विणणारा काठावर बसतो, पाय खाली खड्ड्यात, आणि आळीपाळीनं लाकडी पट्ट्या दाबत राहतो. जन्म नागपुरात गेला तरी हे मी ऐकूनच होतो. त्याला बसून दाखव म्हटलं नाही. उभं करून मापं घेतली होती, तेवढी पुरेशी वाटली.

ऑपरेशन नीट झालं. मला हवा होता नेमका तेवढाच कोन आला. प्लास्टर निघालं, तो चालू लागला. मागावर मात्र जमेना. पट्टी दाबली की पाऊल बाहेर घसरे, आणि थोड्या वेळानं गुडघ्याची बाहेरची बाजू, जी आधी कधी दुखली नव्हती, ठणकू लागे. भार गरजेपेक्षा जास्त सरकला होता.

त्याची बायको सोबत आली होती. तिनं विचारलं, "काहून असं झालं, साहेब?"

"प्लास्टरमध्ये पाय टेकला असेल यानं," मी म्हणालो.

तो विचारात पडला. "टेकला होता खरा एकडाव. मोरीत जाताना."

त्या एका वाक्यावर मी सुटलो.

काही वर्षांनी, खरं सांगायचं ठरवून, एका रविवारी उमरेडला गेलो. माग विकला होता. खड्डा बुजवून त्यावर खाट टाकली होती. तो शाळेबाहेर फुटाणे विकत असे. बायकोनं चहा ठेवला.

"तुमी सांगतलं होतं न साहेब, पाय टेकू नका म्हणून. पन ऐकते कोन? यायले मोरीची घाई."

"आतातरी सोड वं," तो म्हणाला. "पाहुन्यासमोरही तेच."

दोघंही हसले. रोजचं बोलणं होतं ते, घासून गुळगुळीत झालेलं. माझ्या ओठांवर आलेलं मी चहाबरोबर गिळलं. तो लंगडत मला बसपर्यंत पोचवायला आला. वाटेत मी मुलांच्या शाळेची चौकशी केली.

तो गेल्याचं मला उशिरा कळलं. ती मुलीकडे असते, उमरेडलाच. ज्या कुणाच्या हाती हे पडेल त्यानं तिला वाचून दाखवावं.

बाई, तुमच्या मालकानं पाय टेकला त्यानं काही बिघडलं नव्हतं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, तो खाटेवरून उतरलाही नव्हता तेव्हा काढलेल्या एक्स-रेमध्ये पाय नंतर होता तेवढाच झुकलेला होता. किती झुकवायचा ते मी ठरवलं. त्यानं काय हवं ते सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मोरीवरून तुम्ही त्याला जे जे बोललात, ते खरं माझ्या वाट्याचं होतं.