रेफर

मी दहावीला इंग्रजी शिकवतो. 'रेफर' हे क्रियापद फळ्यावर कितीदा तरी फोडून दाखवलं आहे. मूळ लॅटिन, 'री' म्हणजे परत, 'फेर' म्हणजे वाहून नेणं. पुढे अर्थ होत गेला, एखादी गोष्ट जाणत्या माणसाकडे सोपवणं. पोरं माना डोलावतात. पण सोनईच्या आसपास या शब्दाचा अर्थ त्यांना माझ्याआधीच ठाऊक असतो. 'नगरला रेफर केलं' म्हणजे माणूस आता येत नाही.

आमच्याकडे मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी पिठलं-भाकरी आणून देतात. रीत चांगली आहे, पण आमच्या लोकांना दम निघत नाही. रेफरचं नुसतं कानावर आलं की कुणाच्या तरी परातीत पीठ पडतंच.

मागच्या वर्षी एका सकाळी आईला धाप लागली. जवळच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "सर, इथं वेळ घालवू नका. रेफर करतो." मी बायकोला फोनवर 'नगरला नेतोय' एवढंच सांगितलं. तो शब्द तोंडातून काढला नाही. पण ॲम्ब्युलन्स गावातल्या कुणीतरी पाहिलीच.

राहुरी मागे पडली आणि चुलत्यांचा फोन आला. आवाज त्यांनी आधीच बारीक केला होता. "किती वाजंपर्यंत आनताय? पाव्हन्यांना कळवाया बरं."

"तात्या, ती जिवंत आहे. माझ्यासमोर आहे." मी ओरडलो.

आईनं तोंडावरचा मास्क बाजूला केला. "कोन गेलं रं?"

"कुणी नाही. तू बोलू नकोस."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं. जन्मभर दुसऱ्यांच्या दारात तिनंच भाकऱ्या नेल्या होत्या.

मग बायकोचा फोन. रडत नव्हती, संतापली होती. "शेजारणी भाकरीचं टोपलं घेऊन आल्या होत्या. मी परत पाठवलं. कुकर लावलाय, आईंना मऊ भात लागेल." त्या कुकरनं मला दिला तेवढा धीर देवानंही दिला नाही.

नगरला तपासून झाल्यावर डॉक्टरांनी पुण्याचं नाव काढलं आणि पेन उचललं. मी हात जोडले. इंग्रजीचा मास्तर एका इंग्रजी शब्दापुढे गयावया करत होता. "दुसरं काहीही लिहा. हे नको."

"सर, त्यांना लागणारं मशीन इथं रिकामं नाही," ते म्हणाले. "लिहिलं नाही तर तिथं घेणार नाहीत." आणि त्यांनी लिहिलं.

पुण्याच्या रस्त्याला, सुप्याच्या पुढे आईचा हात गार पडला. मी चोळत राहिलो. ड्रायव्हरला म्हणालो, जोरात घे. तो जोरातच घेत होता. मग त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि गाडी हळूच कडेला घेतली.

घरी फोन केला नाही. हिंमतच झाली नाही. गाडी वळवली आणि तिला परत आणलं.

बायको बाहेर आली. तिनं आधी गाडीत पाहिलं, मग माझ्याकडे. आत गॅसवर मऊ भाताचा कुकर तसाच होता, न उघडलेला. सकाळचं टोपलं पुन्हा आमच्या ओट्यावर आलं होतं. या वेळी तिनं ते परत पाठवलं नाही.