जिन्याखालची कडी

आमचं घर बोळासारखं चिंचोळं. एकामागे एक तीन खोल्या आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोरी, तिला जुन्या साडीचा पडदा. घर दुरुस्तीला काढलं तेव्हा जिन्याखालची अडगळ उपसून तिथे न्हाणीघर करायचं मी ठरवलं. "तिथे हात तरी हलेल का?" म्हणून सगळे हसले. मी म्हटलं, दाराला आतून कडी लागेल, तेवढं पुरे.

आई रोज म्हणायची, "आंघोळ उरकून घेते, कुणी आत येऊ नका." भांडी उरकायची, धुणं उरकायचं, तशीच आंघोळही. अंग ओलं होतंय तोवर कुणाची तरी हाक यायचीच, आणि ती पडद्याआडून ओ द्यायची. घरात आपली जागा असणं म्हणजे, मला वाटतं, हाक ऐकू आली तरी ओ द्यावी न लागणं.

काल ती पहिल्यांदा नव्या न्हाणीघरात गेली. कडी वाजली. पाण्याचा आवाज संथ होत गेला, मग दाराआडून कधी न ऐकलेलं गुणगुणणं आलं. सवयीनं मीच विचारलं, "आई, उरकलं का गं?"

"उरकायचंय कशाला?" ती आतून म्हणाली. "मी आंघोळ करतेय."