प्रेसच्या तोंडावरचा झेंडू

लोखंडाच्या पावडरीत काम केलेल्या माणसाच्या अंगावरून सुट्टीच्या दिवशीही अंघोळीला काळंच पाणी येतं. किस्स्यांचं तसंच आहे. शिरूरच्या आमच्या कंपनीत काय काय चालतं ते मी दौंडला घरी आल्यावर मित्रांना सांगतो, तर म्हणतात, "फेकू नको." अरे, फेकायला डोकं लागतं. मी नुसतं बघितलेलं सांगतोय.

*

आम्ही गाडीच्या गिअरबॉक्सचे पार्ट बनवतो. पावडर साच्यात पडते, वरून प्रेस दाबते, गिअर तयार. पहिल्याच दिवशी लाइनचे सुपरवायझर आप्पा यांनी असा एक गिअर माझ्यासमोर दोन बोटांत बिस्किटासारखा मोडला. मी हादरलो. हे गाडीत बसवतात?

"भट्टीत जायच्या आधी असाच असतो," आप्पा म्हणाले. "कच्चा. डिप्लोमा अर्धा सोडलेला, तुझ्यासारखा."

"आन् तुम्ही भट्टीतनं निघालेले का?"

"व्हय. कवाच."

भट्टीतून निघालेल्या पार्टातही बारीक भोकं राहतात, हे मला नंतर कळलं. नाहीतर तिथंच ऐकवलं असतं.

*

दसऱ्याला मशीनची पूजा. आप्पांनी मूठभर कुंकू थेट पावडरच्या टाकीत टाकलं. भट्टीत कुंकू जळालं आणि सगळे गिअर खड्डे पडून बाहेर आले. क्वालिटीच्या साहेबांनी डोक्याला हात लावला. लॉट भंगारात.

आप्पा शांत. "जळलं म्हंजी देवाला पोचलं."

*

त्याच पूजेत त्यांनी प्रेसच्या तोंडावर झेंडूचा हार लटकवला. तिथं दोन्ही बाजूंना सेन्सरचे खांब असतात. मध्ये हात आला की प्रेस जागच्या जागी थांबते. आता मध्ये हार आला, प्रेस थांबली.

कुणीही हार काढला असता. आप्पांनी सेन्सर बंद केला! पॅनेलवरची चावी फिरवली की झालं. "देवाला घातलेला हार आपण काढायचा न्हाई. सुकून पडंल तवा पडंल."

त्या प्रेसवर कविताताई असायची. अडकलेला पार्ट ती हात घालून काढायची, कामच ते. ती सरळ म्हणाली, "आप्पा, देव तुमचा हाय. हात माझा हाय."

"आजवर झालंय का कुणाला काय?"

आमच्या मोठ्या माणसांकडं सेफ्टीचा हा एकच नियम आहे.

*

मग गाडीवाल्या कंपनीचा ऑडिटर आला. मला वाटलं, सुटलो. तो प्रेससमोर थांबला, हाराकडं बघितलं.

"श्रद्धेचा विषय हाय, साहेब," आप्पा म्हणाले.

ऑडिटरनं सेफ्टी शूज काढून बाजूला ठेवले आणि हात जोडले.

मी आ वासून बघत राहिलो. कविताताई म्हणाली, "तोंड मिट, पावडर जाईल."

*

एका सकाळी कविताताईचा हात थोडक्यात वाचला. हातमोज्याचं टोक साच्यात राहिलं, पार कागदासारखं चपटं. तिनं ते आप्पांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

आप्पांनी बघितलं. "बघ, देवानं राखलं."

मी गेलो, हार ओढून तोडला आणि चावी फिरवून सेन्सर चालू केला.

आप्पा धावत आले. "हात झडंल तुझा, नास्तिका." तेवढ्यात त्यांना साच्यात पडलेली झेंडूची पाकळी दिसली. देवाची पाकळी चेंगरू नये म्हणून त्यांनी चालू प्रेसमध्ये हात घातला.

प्रेस त्यांच्या मनगटाच्या चार बोटं वर थांबली.

आप्पा हात छातीशी धरून खालीच बसले. कविताताईनंच त्यांना पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी ते नवा हार घेऊन आले, आधीच्याहून जाड. प्रेसला नाही घातला. सेन्सरच्या खांबाला घातला. डोळ्यांत पाणी होतं.

"काल ह्यानंच राखलं."

फुलं सेन्सरसमोर लोंबली. लाल दिवा लागला. प्रेस चालेना.

आप्पांनी खांबाला नमस्कार केला आणि चावी फिरवली.