मला इंग्रजी येत नाही, असं छापा

२०२३ साल. मी शहात्तर वर्षांचा. आमच्या घरी येतो तो इंग्रजी पेपर माझ्या जन्माच्या आधीपासून निघतो. त्या साली पेपरवाल्यांनी आपला इतिहास छापायला काढला आणि जुनी गिऱ्हाइकं शोधत त्यांची एक बातमीदार पोरगी बडोद्यात आमच्या दारात आली.

मी प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात फिटर होतो. शाळा चौथीपर्यंत, तीही मराठी. नोकरीला लागलो तेव्हा हा पेपर मुंबईहून गाडीने यायचा, हातात पडेपर्यंत दुपार. आमच्या बाजूला तो फक्त साहेबाकडे. एकदा त्याच्या व्हरांड्यात पडलेला पेपर उचलून मी फोटो बघत होतो, तर साहेब म्हणाला, "सुलटा धरलायस ना रे?" त्याच आठवड्यात मी तो पेपर स्वतःच्या घरी लावला. मग हसायचं त्याने हसून घ्यावं.

मुलगा शाळेत इंग्रजी वाचायला लागल्यावर पेपर त्याच्या हातात दिला. सकाळी मोठ्याने वाचायचं, मराठीत मला सांगायचं, मग चहा. सांगता आलं नाही तर चहा नाही. लढाया, विश्वामित्रीचे पूर, पुलाखालच्या मगरी, क्रिकेट, सगळं मी कानाने वाचलं. पुढे पेपर इकडे गुजरातेतच छापायला लागले. पहाटे यायला लागला, रंगीत झाला, फुगला. आता वाळून पापड झालाय, आणि पहिल्या पानावर बातमी नाही, फ्लॅटची जाहिरात. हा त्यांचा इतिहास, आणि मी त्या पोरीला हाच सांगितला.

हिंदीत सांगणार होतो. मुलगा म्हणाला, "तुम्ही मराठीतच बोला, मी सांगतो तिला." तो मकरपुऱ्याच्या एका कंपनीत मॅनेजर आहे. माझं वाक्य दोन शब्दांचं, त्याचं लांबलचक.

"एवढं काय सांगतोयस?"

"बाबा, इंग्रजीत जास्त शब्द लागतात."

रविवारी छापून आलं. वर माझा मोठा फोटो. शेजारचे गुजराती भाई, बँकेतून रिटायर झालेले, पेपर हलवतच आत आले. "काका, तमे तो छुपा रुस्तम!" त्यांनी वाचून अर्थ सांगितला. मी म्हणे इंग्रजी शाळेत शिकलो. रोज सकाळी हातात पेन्सिल घेऊन आधी अग्रलेख वाचतो, मग शब्दकोडं सोडवतो. "अने अमने एक शब्द पण न संभळाव्यो!" आम्हाला इंग्रजीचा एक शब्दही ऐकवला नाही, ही त्यांची तक्रार.

भाई गेल्यावर मी मुलाला समोर बसवलं.

"कौतुकच केलंय, बाबा."

"कोणाचं?"

"तुमचंच की."

"हा मी नाही. हा दुसराच कोणी माझा शर्ट घालून बसलाय."

"माझ्या ऑफिसात सगळे हा पेपर वाचतात. त्यांना काय दाखवू? की माझ्या बापाला..."

"थांबलास का? पुरं कर."

तो पेपरची घडी घालायला लागला.

"ज्याला इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नाही त्याने जन्मभर पेपर विकत घेऊन तुला मॅनेजर केलं. बातमी ती होती, गाढवा. ती तू खाल्लीस."

त्या पोरीलाही मी सोडत नाही. तासभर समोर होतो, एकदाही माझ्या तोंडाकडे बघून विचारलं नाही. आणि तो पेपर! त्यात छापलेलं सगळं मी इतकी वर्षं खरं धरून चाललो. आता त्यातलं किती खरं होतं, कोणाला विचारू? मेल्यावर पोरं-नातवंडं हाच कागद दाखवतील, आमचे आजोबा असे होते म्हणून. नव्हतो मी असा.

"उद्या त्यांना दुसरं छापायला लावतो," मी म्हटलं.

"हसतील तुम्हाला."

"हसू देत. पण खऱ्या माणसाला हसू देत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिटी बसने त्यांच्या ऑफिसात गेलो. शटर बंद.

"काका, ऑफिस तो अगियार वागे खुलशे," वॉचमन म्हणाला. अकराला अजून दोन तास होते. "काम शुं छे?"

"तुमच्या पेपरात माझ्या नावावर खोटं छापलंय. ते खोडून घ्यायला आलोय."

त्याने आपली खुर्ची पुढे केली. मी घेतली नाही. पायरीवर बसलो, शटरच्या बरोबर मधे.